पॉवर सप्लायवर काटकसर नको
कॉम्प्युटर जोडताना साधा पॉवर सप्लाय (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) घेऊन वाचलेले दोन हजार रुपये ग्राफिक्स कार्डात (पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागात) घालावेत, असा सल्ला दिला जातो; तो मला पटत नाही. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅटचे असल्यामुळे ५५० वॅटचा सप्लाय पुरतो हे खरेच. पण प्रश्न वॅटचा नसून आमच्या खानापूरकडे पावसाळ्यात सतत ये-जा करणाऱ्या विजेचा आहे. गेल्या आषाढात फांदी तारेवर पडून वीज तीनदा गेली-आली, आणि माझा स्वस्तातला सप्लाय जाताना मदरबोर्डही (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) घेऊन गेला. जळका वास दुसऱ्या दिवशीही खोलीत होता. शिवाय वीज गेल्यावर बॅटरीवर कॉम्प्युटर चालू ठेवणाऱ्या यूपीएसवरचा ६०० हा आकडा वॅटचा नसून व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) असतो, प्रत्यक्षात त्यातून बहुधा ३६० वॅटच मिळतात, त्यामुळे मॉनिटरसह एकूण भार मोजूनच यूपीएस निवडावा.