तयार लेखांचे गठ्ठे घेऊन वीस-पंचवीस ब्लॉग उभे करावेत का?

गच्चीवाला:
नमस्कार. मी इचलकरंजीला एका सूतगिरणीच्या हिशेब विभागात नोकरी करतो. संध्याकाळी मिळणाऱ्या वेळात जोडउत्पन्न म्हणून ब्लॉग काढण्याचा विचार असून त्याबद्दल येथील जाणकारांचे स्पष्ट मत हवे आहे. परदेशी संकेतस्थळांवर पीएलआर (प्रायव्हेट लेबल राइट्स) या नावाने तयार इंग्रजी लेखांचे गठ्ठे विकत मिळतात आणि ते बदलून स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करण्याची मुभा असते. बागकाम, मधुमेहातील आहार, कुत्र्यांची निगा, मत्स्यालय आणि गृहकर्ज या विषयांचे गठ्ठे मी घेतले आहेत. प्रत्येक बारीक विषयाला एक स्वतंत्र ब्लॉग काढायचा, त्यावर तीस-चाळीस लेख यंत्राने मराठीत उतरवून थोडी डागडुजी करून टाकायचे आणि गूगलवरून येणाऱ्या वाचकांवर अ‍ॅडसेन्स या गूगलच्याच सेवेच्या जाहिराती लावायच्या, अशी योजना आहे. मराठीत स्पर्धा कमी असल्याने एकेका ब्लॉगने थोडे जरी दिले तरी सगळ्यांची बेरीज बरी होईल, असा माझा हिशेब आहे. चाचणी म्हणून ब्लॉगस्पॉट या गूगलच्या फुकट सेवेवर तीन ब्लॉग सुरू केले आहेत. परंतु आपली पाने गूगलच्या शोधात आली की नाही हे दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये बहुतेक पानांपुढे ‘क्रॉल केले, सध्या इंडेक्स केलेले नाही’ असाच शेरा दिसतो. हे ब्लॉग नवे असल्यामुळे होत आहे की योजनेतच खोट आहे? डोमेनवर (संकेतस्थळाच्या स्वतंत्र पत्त्यावर) पैसे घालण्यापूर्वी हे समजून घ्यायचे आहे.

जुना_वेबमास्टर:
खोट योजनेत आहे. नव्या संकेतस्थळाची पाने इंडेक्स व्हायला वेळ लागतो हे खरे. पण तुम्हाला दिसणाऱ्या शेऱ्याचा अर्थ असा की गूगलने पान पाहिले आणि तूर्त ते साठवले नाही. त्याची कारणे अनेक असू शकतात, परंतु तुम्ही केलेले वर्णन वाचल्यावर फार शोधाशोध करावी लागत नाही.

तुमची कल्पना मुळात चुकीच्या काळात जन्मली आहे. २००५ ते २०१० या काळात अमेरिकेतील कितीतरी लोक नेमके हेच करीत असत: कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाकतात तो शब्द, जसाच्या तसा डोमेनच्या नावात घ्यायचा, पीएलआरचे लेख चढवायचे, लेख-निर्देशिकांमधून (कोणाचेही लेख घेणाऱ्या संकेतस्थळांवरून) काही बॅकलिंक, म्हणजे आपल्या पानाकडे येणारे दुवे, जोडायच्या आणि पुढच्या विषयाकडे वळायचे. ते चालत असे, कारण शोधयंत्र तेव्हा पानावरचे शब्द आणि पानाकडे येणारे दुवे यांवर आजच्यापेक्षा फार जास्त विसंबून होते. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल आणला आणि त्याचा परिणाम अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांवर झाला. त्याने पानागणिक नव्हे तर संपूर्ण संकेतस्थळाचा दर्जा जोखायला सुरुवात केली, त्यामुळे चार चांगल्या लेखांच्या आडोशाला तीनशे पातळ लेख लपवण्याची सोय संपली. एप्रिल २०१२ च्या ‘पेंग्विन’ने कृत्रिम दुव्यांचा आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील बदलाने कीवर्डच्या नावाने घेतलेल्या निकृष्ट डोमेनांचा निकाल लावला. गठ्ठे विकणारे आजही जी पत्रके दाखवतात त्यांतील शिकवण बहुधा या तीन बदलांच्या आधीची असते.

आता तुमच्या योजनेला थेट लागू पडणारी गोष्ट सांगतो. मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या स्पॅम धोरणात, वाचकाला फारसे काही न देता केवळ क्रमवारीसाठी मोठ्या प्रमाणावर पाने तयार करण्याचा स्वतंत्र गैरप्रकार म्हणून उल्लेख केला. दुसऱ्यांचा मजकूर घेऊन शब्द बदलणे किंवा यंत्राने भाषांतर करणे हे त्यातील उदाहरणांत स्पष्टपणे आले आहे आणि हा पसारा लपवण्यासाठी अनेक संकेतस्थळे उभारणे हेही आले आहे. म्हणजे तुमच्या आराखड्यातील दोन्ही खांब त्या एकाच कलमात नावानिशी सापडतात. येथे एक गैरसमज दूर करतो. तोच मजकूर दोन ठिकाणी असणे म्हणजे आपोआप शिक्षा नव्हे. अशा वेळी गूगल त्यांतील एक प्रत निवडून बाकीच्या बाजूला ठेवते, एवढेच. मराठी भाषांतर तर इंग्रजी लेखाची प्रतही ठरत नाही. अडचण प्रतीची नसून, त्या पानामुळे मराठी वाचकाला आधी नसलेले काय मिळाले या प्रश्नाला उत्तर नसण्याची आहे.

तळटीप:
वरील मुद्द्यांत कायद्याचा एक मुद्दा जोडतो. हा वकिली सल्ला नव्हे, मात्र प्रकाशन व्यवसायात परवान्यांचे कागद रोज हाताळावे लागतात. पीएलआर विकत घेणे म्हणजे स्वामित्वहक्क विकत घेणे नव्हे. तुम्हाला मिळतो तो वापराचा परवाना आणि तोही तुमच्या एकट्याचा नसतो. परिणामी उद्या कोणी तोच गठ्ठा घेऊन तुमच्याशेजारी दुकान मांडले तर त्याला अडवण्याचा अधिकार तुम्हाला राहत नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १४ नुसार भाषांतर करणे हा मूळ हक्कधारकाकडे असलेला वेगळा हक्क आहे. त्यामुळे परवान्यात ‘बदल करता येतील’ एवढेच लिहिले असेल तर त्यात भाषांतर येते असे गृहीत न धरता तसा स्पष्ट उल्लेख शोधावा. हे गठ्ठे हातोहात पुढे विकले जातात आणि विकणाऱ्याकडे मुळात विकण्याचा हक्क होता की नाही हे ग्राहकाला क्वचितच कळते. निदान पावती आणि परवान्याची प्रत जपून ठेवा.

दक्षिणकाठ:
मला हे सगळे थोडे एकांगी वाटते. सरकारी योजना, नोकरभरती आणि निकाल यांवरचे मराठी ब्लॉग पाहा. त्यांतील कित्येकांचा मजकूर एकमेकांवरून उतरवलेला असतो, तरीही त्यांना गूगल डिस्कव्हरमधून (मोबाइलवर न शोधता आपोआप दिसणाऱ्या लेखांच्या यादीतून) भरपूर वाचक मिळतात आणि जाहिरातीही चालतात. धोरणात लिहिलेले आणि प्रत्यक्षात घडणारे यांत अंतर आहे. ज्याला वर्ष-सहा महिने कमाई करून बाजूला व्हायचे आहे त्याने हा मार्ग का घेऊ नये?

जुना_वेबमास्टर:
अंतर आहे हे मान्य. परंतु तुम्ही दिलेले उदाहरण तयार मजकुराचे नसून वेगाचे आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात जाहीर झाली, तेव्हा वयोमर्यादा २१ ते ६० आणि अर्जाची मुदत १५ जुलै होती. काही दिवसांतच वयोमर्यादा ६५ झाली, पाच एकर शेतीची अट गेली आणि मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. त्या आठवड्यांत ज्यांना वाचक मिळाले ते शासनाच्या निर्णयावर रोज डोळा ठेवून बसलेले होते, आणि ज्यांनी पहिल्या दिवशीचा मजकूर उतरवून सोडून दिला त्यांच्या पानांवरून साठीपुढच्या बायकांना आपण अपात्र आहोत असा समज झाला असणार. तो मार्ग मला आवडत नाही, पण त्यातही श्रम आहेत. सूतगिरणीतून संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाला पाच विषयांच्या वीस ब्लॉगांवर तसा पहारा देता येणार नाही.

शिवाय तुमची शिफारस पाळली तर धोका एका ब्लॉगपुरता राहत नाही. अ‍ॅडसेन्समध्ये एका व्यक्तीला एकच खाते ठेवता येते, प्रत्येक संकेतस्थळ त्यात वेगळे जोडून मंजूर करून घ्यावे लागते आणि ‘कमी मूल्याचा मजकूर’ या कारणाने नकार येणे हा नवख्यांचा नेहमीचा अनुभव आहे. गंभीर उल्लंघन झाले तर संपूर्ण खातेच बंद होऊ शकते. खर्चाची बाजूही पाहा: डॉट कॉम डोमेनला वर्षाला साधारण हजार-दीड हजार धरले तर वीस डोमेनांचे वीस ते तीस हजार पहिली कमाई हाती येण्याआधीच जातात, आणि खात्यात शंभर डॉलर साठल्याशिवाय गूगल पैसे पाठवत नाही.

परसबाग_पुणे:
मी केवळ बागकामाच्या गठ्ठ्याबद्दल बोलते, कारण असे लेख माझ्या वाचनात आले आहेत. ते बहुतांशी अमेरिकेतील वाचकासाठी लिहिलेले असतात. ‘शेवटचे दंव पडून गेल्यावर टोमॅटोची रोपे बाहेर लावा’ हे वाक्य यंत्र निर्दोष मराठीत उतरवेल, पण इचलकरंजीच्या गच्चीवर दंवाची वाट पाहणाऱ्याने रोपे कधी लावावीत? तापमान फॅरनहाइटमध्ये, पाणी गॅलनमध्ये आणि झाडे अमेरिकी कृषी खात्याच्या हवामान-विभागांनुसार निवडलेली असतात. आपल्याकडच्या माणसाचे प्रश्न निराळे आहेत: जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला काय करावे, पावसाळ्यात कुंडीतली माती घट्ट होते तेव्हा त्यात किती कोकोपीट घालावे, एप्रिलच्या उन्हात शेडनेट कोणत्या दिशेने बांधावे. गृहकर्जाच्या लेखांची तर याहून वाईट स्थिती असेल, कारण तेथील कर्जव्यवस्था आणि करसवलती आपल्याला लागूच नाहीत. आणि मधुमेहाच्या आहाराबद्दल कोणा अज्ञात लेखकाचा मजकूर स्वतः न तपासता आपल्या नावाने छापणे मला अत्यंत बेजबाबदारपणाचे वाटते. त्या ब्लॉगचा विचार सोडाच.

गच्चीवाला:
सर्वांचे आभार. वीस ब्लॉगांचा बेत मी बाजूला ठेवतो. माझ्या गच्चीवर पालेभाज्या आणि काही फळझाडे आहेत, तेव्हा त्याच विषयावर एकच ब्लॉग स्वतः लिहावा असे वाटू लागले आहे. दोन शंका आहेत. बागकामाचा गठ्ठा आता पूर्ण वाया गेला का? आणि सुरू केलेल्या तीन ब्लॉगांचे काय करावे. त्यांचे वाचक नव्या ब्लॉगकडे वळवता येतील का?

परसबाग_पुणे:
गठ्ठ्याचा उपयोग विषयांची यादी म्हणून करा. नवशिक्याला कोणते प्रश्न पडतात हे त्यातून कळेल. उत्तरे मात्र तुमच्या कुंड्यांमधून द्या, छायाचित्रे स्वतः काढा, आणि एखादे रोप मेले तर तेही लिहा, कारण ती माहिती कोणत्याच गठ्ठ्यात नसते. पालेभाज्यांपासून सुरुवात केलीत तर मेथी आणि कोथिंबीर महिन्या-दीड महिन्यात काढणीला येत असल्याने लिहायला विषयही लवकर मिळतील.

जुना_वेबमास्टर:
जे इंडेक्सच झाले नाही त्याला वळवण्याजोगे वाचक नसतात. तिन्ही ब्लॉग काढून टाका आणि ती पाने ‘सापडले नाही’ असे उत्तर देऊ लागली तर देऊ द्या. त्याने नव्या ब्लॉगचे काही बिघडत नाही. जुन्या पानांवरून नव्याकडे दुवे मात्र देऊ नका. नव्या ब्लॉगसाठी एक डोमेन घ्या, सर्च कन्सोलमध्ये त्याची नोंदणी करा आणि पंधरा-वीस पक्के लेख होईपर्यंत अ‍ॅडसेन्सचा अर्ज करू नका. हा पंधरा-वीसचा आकडा गूगलचा नियम नाही, माझा अंदाज आहे.