पहिलं झाड, पहिली पालवी: तुमचा अनुभव सांगा

घरात झाडं लावायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हा धागा. टिप्स चालतील, पण मला खरं तर आनंदाच्या गोष्टी वाचायच्यात. कुठल्या झाडाने लळा लावला, कधी वाटलं की अरे हे आपल्याला आवडतंय. आधी माझं सांगते. मनी प्लांटची फांदी काचेच्या बाटलीत ठेवलीये, एक पेर पाण्यात बुडेल अशी. फांदीला मुळं पेरातूनच फुटतात, पेराशिवाय नुसतं पान ठेवलं तर त्यातून नवा वेल येत नाही. पेरावरचा छोटा तपकिरी कोंब हळूहळू पांढरं मूळ होतो आणि ते रोज दिसतं! मातीत हे बघायलाच मिळत नाही, म्हणून नवख्यांनी काचेतच सुरुवात करावी असं माझं ठाम मत.

---

माझं मरांटा. आजारपणात बराच काळ पलंगावर पडून होते, तेव्हा बहिणीने उशाशी आणून ठेवलं. संध्याकाळ झाली की याची पानं उभी राहतात, अगदी हात जोडल्यासारखी, आणि सकाळी परत आडवी होतात. देठाच्या टोकाला एक फुगीर सांधा असतो, त्यातल्या पेशींत पाणी कमीजास्त झालं की पान हलतं, हे नंतर वाचलं. पण त्या दिवसांत एवढंच कळायचं की खोलीत माझ्याशिवाय आणखी कोणीतरी झोपतंय आणि उठतंय. खूप आधार वाटला, खरंच.

---

बोट मातीत घालून बघा, वरचा थर कोरडा लागला तरच पाणी. बाकी वेळापत्रक वगैरे काही नको. मुळांना हवा पण लागते, सतत ओल्या मातीत ती गुदमरतात आणि कुजतात. कुंडीला खाली भोक हवंच.

---

मला सकाळी अळूच्या जातीतल्या झाडांच्या पानांच्या टोकाला थेंब दिसायचे, वाटलं कोणी पाणी शिंपडलं का. तर रात्री मुळं पाणी ओढत राहतात पण पानांची छिद्रं बहुतेक मिटलेली असतात त्यामुळे वाफ होऊन पाणी जात नाही, मग ते पानाच्या कडेच्या बारीक छिद्रांतून थेंब बनून बाहेर येतं. आता उठल्यावर मोबाईलच्या आधी तिकडे जातो, मुलगी पण येते, कोणाला आधी थेंब दिसतो यावर आमची शर्यत 😊

---

थोडं वेगळं मत मांडते. हवा शुद्ध होते म्हणून झाडं लावा असं सगळीकडे सांगतात, त्यामागे नासाचा 1989 चा अभ्यास असतो, पण तो लहान बंद पेटीतला होता. आपल्या खोलीत उघड्या खिडकीतून जेवढी हवा बदलते त्यापुढे चार कुंड्यांचं काम नगण्यच. म्हणून काय झालं? मला ती आवडतात एवढं कारण पुरे आहे. कोलियसचा शेंडा खुडला की खालच्या पेरांतून दोन्ही बाजूंनी फुटवे येतात, कारण शेंड्यातून खाली येणारं संप्रेरक त्यांना दाबून ठेवत असतं. उंच काडीचं भरगच्च झुडूप होताना बघणं, याहून जास्त काय पाहिजे झाडाकडून.

---

पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) झाला तरी लगेच झाड टाकू नका प्लीज. वेगळं ठेवून ओल्या कापसाने एकेक पान, विशेषतः बेचके पुसून काढायचे, आठवडाभराने परत. मला तर हे पुसायचं काम आवडायलाच लागलंय, डोकं शांत होतं आणि झाड नीट ओळखीचं होतं.

---

घरात मांजर आहे, काय लावू? मनी प्लांट आवडतो पण तो चावला तर तोंडाची आग होते असं ऐकलंय.

---

बरोबर ऐकलंय, त्यात कॅल्शियम ऑक्सॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. स्पायडर प्लांट लावा, तो मांजरांना विषारी नाही. लांब दांड्यांवर पिल्लं लोंबायला लागली की ती मातीला टेकवून ठेवायची, मुळं धरली की कापून ज्याला हवं त्याला द्यायची. माझ्याकडची अर्ध्या बिल्डिंगमध्ये गेलीत.