ज्यांना शिकवलं त्यांच्याशीच लढायचं, तुम्ही कसं खेळता हे? (स्पॉयलर आहेत)

गणितवाली_इंदूर

नमस्कार सगळ्यांना. आधीच सांगते, फायर एम्ब्लेम थ्री हाउसेसचे स्पॉयलर आहेत आणि उत्तरांमधे बाकी गेमचे पण येतीलच, तर ज्यांना खेळायचंय त्यांनी इथूनच परत फिरा.

मी इंदूरला राजेंद्रनगरला राहते, घरीच नववी-दहावीच्या गणिताच्या ट्यूशन घेते, अकरा वर्षं झाली. गेम खेळायची मला सवय नव्हती. दिवाळीत मामेभाऊ पुण्याहून आला होता, जाताना त्याचा स्विच (निन्टेन्डोचं गेम खेळायचं यंत्र) इथेच ठेवून गेला, म्हणाला ताई यात तू शिक्षिका आहेस, खेळून तर बघ. २०१९ चा गेम आहे. एका मठात शाळा आहे, तीन वर्ग आहेत, त्यातला एक आपण निवडायचा आणि त्या मुलांना तलवार, धनुष्य, घोडा, जादू जे काय असेल ते शिकवायचं. मी ब्लू लायन्स घेतला. पण बाकी दोन वर्गांची मुलं पण तिथेच असतात ना, त्यांच्यासोबत जेवायचं, हरवलेल्या वस्तू शोधून नेऊन द्यायच्या, चहाला बोलवायचं, असं करत करत ती पण आपलीच वाटायला लागतात. मधे ग्रॉन्डर नावाच्या मैदानावर तिन्ही वर्गांची सरावाची लढाई होते, कोणाला काही होत नाही, नंतर सगळे एकत्र बसून जेवतात. मला ते इतकं आवडलं होतं, आमच्या कॉलनीच्या गणपतीतल्या स्पर्धा आणि मग पंगत, अगदी तसं.

आणि मग पाच वर्षं जातात, युद्ध सुरू होतं आणि तीच मुलं समोर उभी. एका पुलाच्या लढाईत दुसऱ्या वर्गातला फर्डिनांड आला, ज्याला मी चारदा चहाला बोलावलं होतं, चहा म्हणजे त्याचा जीव की प्राण, आणि तो माझ्याच वर्गातल्या मुलाच्या हातून गेला. मी स्विच बंद केला आणि सरळ जाऊन भांडी घासली. आता पुढचा नकाशा परत तोच ग्रॉन्डर आहे, या वेळी खरा, आणि मधल्या टेकडीवर बॅलिस्टापाशी, म्हणजे लांबवर बाण मारायच्या मोठ्या यंत्रापाशी, बर्नाडेटा उभी आहे, ती मुलगी जी स्वतःच्या खोलीबाहेर यायला घाबरायची, जिच्याशी बंद दाराआडून बोलावं लागायचं. तीन आठवडे झाले, मी तिथेच अडकलेय.

दोन गोष्टी विचारायच्यात. यातून वाट आहे का काही, म्हणजे त्यांना न मारता पुढे जायची? आणि दुसरं, गेम बनवणारे हे असं का करतात, तुम्हाला हे बरोबर वाटतं का? घरी विचारलं तर सगळे म्हणतात गेमच तर आहे. तेवढंच असतं तर मी इथे लिहिलं नसतं.

छप्पनचा_भिया

ताई वाट होती पण ती मागे राहिली. पाच वर्षं उलटण्याआधी, म्हणजे गेमच्या पहिल्या भागातच, दुसऱ्या वर्गातल्या मुलांना आपल्या वर्गात घेता येतं. प्रत्येकाला शिक्षकात काहीतरी बघायचं असतं, एक गुण आणि एक विद्या. बर्नाडेटाला ताकद आणि धनुष्य, पेट्राला चपळ हात आणि घोडेस्वारी, असं प्रत्येकाचं वेगळं. म्हणजे तुमची बायलेथ, गेममधली शिक्षिका, स्वतः ते शिकलेली पाहिजे. आणि त्या मुलाशी सपोर्ट, म्हणजे गेम मोजतो ती जवळीक, वाढवला की ही अट सैल होत जाते. एकदा तुमच्या वर्गात आली की युद्धात ती तुमच्याकडूनच लढणार, समोर येतच नाहीत.

फक्त एडलगार्ड, डिमित्री, क्लॉड हे तीन वर्गांचे तिघं म्होरके आपापला वर्ग सोडत नाहीत, आणि ह्यूबर्ट, डेडू पण नाही. आता तुम्ही जिथे आहात तिथून बर्नाडेटाला आणायची काही सोय नाही. जुना सेव्ह असेल तर बघा, नाहीतर गेम संपवून न्यू गेम प्लस घ्या, म्हणजे तोच गेम परत पहिल्यापासून, त्यात आधी मिळवलेले सपोर्ट आणि विद्या पॉइंट देऊन लगेच परत घेता येतात, सगळं शून्यापासून करावं लागत नाही.

अजून एक, हे ऐकून थोडं बरं वाटेल. तुमच्या ब्लू लायन्सच्या रस्त्यात क्लॉड मरत नाही.

सयाजीगंज

मी बडोद्याचा, थ्री हाउसेस खेळलेलो नाही, पण ताईंचा प्रश्न वाचून जीटीए सॅन अँड्रियास आठवला आणि मग रात्री झोपच आली नाही. २००४ चा गेम, आमच्याकडे सायबर कॅफेत तासाचे पंधरा रुपये देऊन खेळायचो, कॉलेजात होतो. बिग स्मोक आणि रायडर, सीजेचे (म्हणजे आपण ज्याला खेळवतो त्याचे) लहानपणापासूनचे दोस्त, त्यांच्यासोबत आपण सुरुवातीच्या सगळ्या मिशन करतो, गाडीत बसून गप्पा, सायकलवरून पळणं, आणि मग सेझार, सीजेच्या बहिणीचा बॉयफ्रेंड, एक दिवस नेऊन दाखवतो की हे दोघं त्या हिरव्या गाडीपाशी दुसऱ्या गँगवाल्यांसोबत उभे आहेत. ती गाडी जिच्यातून सीजेच्या आईच्या घरावर गोळीबार झाला. आणि शेवटी दोघांना आपणच मारायचं, गेम विचारत पण नाही. स्मोकचं मला पटलं होतं, तो आधीपासून थोडा वेगळा वागतो, वेगळ्या घरात राहायला जातो, पैसा कुठून येतो सांगत नाही. रायडरचं मात्र आजही पटत नाही. त्याच्या वागण्यात आधी तसं काहीच दिसत नाही, अचानक तो गद्दार आणि मी बोटीत बसून त्याच्या मागे. मला राग रायडरचा नाही आला, गेमचाच आला.

म्हणून ताई माझ्यापुरतं उत्तर हे की आपल्या माणसाशी लढायला लावलं तर चालेल पण तो समोर का आला हे त्याच्या बाजूने पण कळलं पाहिजे. आमच्या बडोद्याहून तासाभरावर डभोई आहे. तिथे १७३१ ला बाजीराव पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे एकमेकांशी लढले, दोघंही शाहू महाराजांचेच, दाभाड्यांच्या बाजूला पिलाजीराव गायकवाड. गुजरातच्या चौथाईवरून दोन वर्षं धुमसत होतं, त्यात सेनापती निजामाशी मिळाले असा पेशव्यांना संशय. त्र्यंबकराव त्यात मारले गेले. आणि शाहू महाराजांनी सेनापतीपद नंतर पण दाभाड्यांच्याच घरात ठेवलं. मी शाळेत असताना हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला समजतच नव्हतं की यात आपलं कोण आणि शत्रू कोण, सरांना विचारलं तर ते म्हणाले दोन्ही आपलेच, म्हणून तर लक्षात ठेवायचं. किल्ल्याच्या वेशीवर गेलो की दर वेळी तेच आठवतं. तुमच्या गेममधे तीन वर्ग तीन राज्यांचे आहेत असं वाचलं, मला तर ते असंच काही वाटतंय.

लष्कर_ग्वाल्हेर

सयाजीगंज, डभोईच कशाला, लाखेरीला १७९३ मधे शिंदे आणि होळकर, म्हणजे आमचं ग्वाल्हेर आणि ताईंचं इंदूर, दोन्हीकडे युरोपियन अधिकाऱ्यांनी कवायत शिकवून तयार केलेल्या पलटणी, आणि त्या एकमेकींवर. असो.

मला भियाच्या उत्तराबद्दल थोडं वेगळं म्हणायचंय. माहिती बरोबर आहे, पण ताई, तुम्ही लगेच मागे जाऊन सगळ्यांना गोळा करून आणू नका असं मला मनापासून वाटतं. एकदा तरी हे असंच पुढे खेळा. ज्या गेममधे बोलून सुटका होते तिथे मला नंतर काहीच आठवत नाही. मास इफेक्ट, २००७ चा, त्यात आपला साथीदार रेक्स बंदूक काढून शेपर्डसमोर, म्हणजे आपल्यासमोर, उभा राहतो, त्याच्या जमातीवरच्या रोगावर इलाज सापडलाय आणि आपण तो उडवायला निघालोय, त्याचा राग शंभर टक्के खरा आहे. पण माझे बोलण्याचे पॉइंट भरलेले होते, मी रंगीत ओळ निवडली आणि तो शांत झाला. भांडण मिटलं, पण मी केलं काय, आधी पॉइंट टाकले होते एवढंच. माझ्या मित्राचे नव्हते, त्याने त्याला गमावला, तो आज पण ते मिशन सांगताना गप्प होतो.

उलट मेटल गिअर सॉलिड ३ घ्या, २००४ चा, २०२५ च्या ऑगस्टमधे डेल्टा नावाने परत आला. त्यात द बॉस ही स्नेकची, म्हणजे आपण ज्याला खेळवतो त्या सैनिकाची, गुरू, त्याला जे येतं ते सगळं तिने शिकवलेलं. पांढऱ्या फुलांच्या मैदानात तिच्याशी लढायचं, दहा मिनिटं. ती पडते, वाटतं आता कटसीनमधे गेमच पुढचं करेल, आणि गेम थांबतो. शेवटची गोळी बटण दाबून आपण झाडायची. मी किती वेळ कंट्रोलर हातात धरून बसलो होतो. तिथे दुसरा पर्याय दिला असता तर स्नेकवर जे ओझं आहे ते माझ्यावर आलंच नसतं, तो सैनिक आहे आणि त्याला पर्याय नाही हेच तर सांगायचंय.

माझी तक्रार फक्त अशा गेमशी आहे जिथे आपला साथीदार पार्टीत असताना दोन फटक्यांत पडायचा, सारखं त्यालाच औषध द्यावं लागायचं, आणि समोर आला की अचानक त्याची हेल्थ दहापट. तेव्हा समजतं की हा तो नाहीच, नुसता त्याचा चेहरा लावलाय. मग दुःख कसलं होणार.

पोहे_विदाउट_सेव

अंडरटेल खेळा ताई, २०१५ चा. टोरिएल आईसारखी सांभाळते आणि मग वाट अडवते कारण बाहेर तुम्ही मराल अशी तिला भीती. पहिल्यांदा खेळताना मी तिला मारलं कारण मला वाटलं गेममधे हेच करतात. नंतर कळलं की परत परत दया निवडत राहिलं तर ती थांबते. आणि लढताना आपली हेल्थ अगदी कमी झाली की तिचे आगीचे गोळे आपल्याला चुकवून जातात, ती मारत नसतेच. हे मला दुसऱ्यांदा खेळताना दिसलं. एवढंच सांगायचं होतं.

छप्पनचा_भिया

लष्कर, तुझं बॉसबद्दल मान्य आहे, पण थ्री हाउसेसमधे मुलांना आपल्याकडे घेणं हे पॉइंट भरण्यापेक्षा वेगळं आहे यार, त्यासाठी महिनोन्महिने त्या मुलाला वेळ द्यावा लागतो, आणि एकाला दिला तर दुसऱ्याला पुरत नाही. सगळ्यांना पहिल्याच खेपेला कोणीच वाचवू शकत नाही. मला तर तेच जास्त लागतं, की फर्डिनांड समोर आला कारण मी त्या महिन्यात मासे पकडत बसलो होतो.

गणितवाली_इंदूर

सगळ्यांची उत्तरं दोनदोनदा वाचली, मनापासून आभार. रविवारी बॅच नव्हती, दुपारी बसले आणि ग्रॉन्डर खेळले. लष्करदादा तुमच्या म्हणण्यावरूनच बसले, मागे नाही गेले.

तुम्ही हेल्थ दहापट होण्याबद्दल लिहिलंत ना, इथे ते नाहीये आणि माझ्या मते तेच सगळ्यात कठीण आहे. बर्नाडेटा जशी होती तशीच आहे. तिचा एक खास गुण आहे, तिला थोडी जरी जखम झालेली असली तर ती ५ डॅमेज जास्त करते, घाबरलेलं मूल जसं जोरात ओरडतं तसं. म्हणजे तिला अर्धवट मारून सोडायचं नाही, माझी मुलं धोक्यात येतात, एकाच घावात संपवायचं. हे मला माहीत होतं. शाळेत असताना तिच्याबद्दल वाचलं होतं ते काळजीने, की हिला कसं सांभाळायचं. कोणतं मूल कशात कच्चं आहे हे शिक्षकाला माहीत असतं ना, माझ्याकडे वहीच आहे तशी, कोणाचं बीजगणित कच्चं, कोण भूमितीत प्रमेय बघून घाबरतं, ती वही मी त्यांना पुढे नेण्यासाठी लिहिते. ग्रॉन्डरला तीच वही उघडून मी नेम धरला. मला काय सलत होतं ते मला तीन आठवडे नीट सांगता येत नव्हतं, ते हे होतं.

लढाई संपली. टेकडीला आग लावतात ती एडलगार्डची माणसं, आपण नाही, पण ते कळल्याने काही हलकं वाटलं नाही. पेट्रा पण गेली. भिया, क्लॉडचं तू आधीच सांगितलंस ते बरं केलंस, त्याच्यावर चालून जाताना हात तेवढा नाही थरथरला.

बनवणाऱ्यांनी हे करावं का, तर हो, मला आता वाटतं करावं, पण असंच, म्हणजे आधी शिकवायला लावून, जेवायला बसवून, आणि समोर आल्यावर त्या मुलाला तेच मूल ठेवून. सयाजीगंजदादा, तुमचं रायडरचं दुःख मला त्यातूनच कळलं, तुम्हाला तुमचा दोस्त दिलाच नाही शेवटी, कोणीतरी दुसराच दिला. डभोईला मी कधी आले नाही, बडोद्याला आत्या असते, पुढच्या खेपेला जाईन.

हा गेम पूर्ण संपवणार आणि मग परत ब्लू लायन्सच घेणार, माझी मुलं सोडून दुसरा वर्ग नाही घेववत. या वेळी फळ्याच्या कोपऱ्यात यादी लिहून ठेवलीये, कोणाला काय लागतं त्याची. सकाळच्या बॅचचा एक मुलगा विचारत होता मॅडम हे कोण, आमच्यात नवीन कोणी येतंय का. भिया, एकच सांग, बर्नाडेटासाठी धनुष्य किती वर न्यावं लागतं? माझी बायलेथ फक्त तलवार शिकलीये.

छप्पनचा_भिया

थोडं धनुष्य शिकून घ्या पण त्याच्या मागे धावू नका ताई. चहा, जेवण, फुलं, जमेल तसा तिच्यासोबत वेळ घाला आणि सपोर्ट बी या पायरीपर्यंत न्या. तिथवर गेलं की बरेचदा मूल स्वतःच येऊन विचारतं की मी तुमच्या वर्गात येऊ का.