क्रीटच्या ग्रामीण भागात आई-वडिलांसाठी एका दिवसाची खासगी सहल: कोणती दिशा निवडावी?

मणेराजुरी_ते_म्युनिक

नमस्कार मंडळी,

मी गेली सात वर्षे म्युनिकमध्ये नोकरी करतो. येत्या ऑगस्टअखेरीस माझे आई-वडील पहिल्यांदाच युरोपात येत आहेत आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघे ग्रीसच्या क्रीट बेटावर, हेराक्लिऑन शहरात, चार रात्री मुक्काम करणार आहोत. क्नोसोसचा प्राचीन राजवाडा आणि शहरातील पुरातत्त्व संग्रहालय आम्ही आपले आपण पाहू. प्रश्न उरतो तो एका पूर्ण दिवसाचा.

वडिलांनी आयुष्यभर तासगाव तालुक्यात द्राक्षबाग सांभाळली आणि बेदाणा केला. समुद्रकिनाऱ्यापेक्षा तेथील शेतकरी जमीन कशी कसतो, पाणी कोठून आणतो, माल कसा वाळवतो हे पाहण्याची त्यांना ओढ आहे. आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, आणि तिच्या गुडघ्यांमुळे सपाट जागी अर्धा तास चालणे एवढीच तिची मर्यादा आहे. म्हणून मोठ्या बसच्या सहलीऐवजी गाडी, चालक आणि माहीतगार माणूस असा खासगी दिवस ठरवावा असे मनात आहे. संकेतस्थळांवर मात्र चालकाची सहल आणि गाइडची सहल यांच्या दरांत मोठी तफावत दिसते आणि तिचे कारण मला उमगलेले नाही. पश्चिमेला खानिया, पूर्वेला लासिथीचे पठार आणि दक्षिणेला द्राक्षबागांची गावे अशा तीन दिशा समोर आहेत. एखाद्याने एकाच दिवसात तिन्ही दाखवतो असेही लिहिले आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

अथेन्सवासी

नमस्कार. मी ग्रीसमध्ये बरीच वर्षे राहतो आणि क्रीटला अनेकदा जाणे झाले आहे, म्हणून आधी दरांतील तफावतीविषयी लिहितो.

ग्रीसमध्ये गाइड हा कायद्याने नियमित केलेला व्यवसाय आहे. 1977 च्या कायद्यापासून पुरातत्त्वस्थळे आणि संग्रहालयांच्या आत पर्यटकांना माहिती देण्याचा अधिकार परवानाधारक गाइडनाच आहे, आणि त्यासाठी त्यांनी रीतसर शिक्षण घेतलेले असते. त्यामुळे चालक कितीही बहुश्रुत असला तरी तो आपल्याला स्थळाच्या दारापर्यंत सोडतो आणि बाहेर थांबतो. संकेतस्थळावरील स्वस्त सहल बहुधा अशा चालकाची असते. आपण क्नोसोस स्वतंत्रपणे पाहणार असाल आणि हा दिवस गावे, शेते व जेवण यांसाठीच राखणार असाल, तर त्याच परिसरात वाढलेला, इंग्रजी चांगली बोलणारा चालक आपल्याला पुरेसा ठरेल. त्याचा चुलतभाऊ तेलाच्या घाण्यावर असतो, मावशी खानावळ चालवते, आणि ही नाती कोणत्याही परवान्याने मिळत नाहीत. दर माणशी आहे की गाडीमागे, आणि किती तासांचा आहे, हे मात्र आधी लेखी विचारून घ्यावे.

आता दिशेविषयी. क्रीट हे आपण नकाशावर समजतो तेवढे लहान बेट नाही. त्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे 260 किलोमीटर आहे आणि मधोमध डोंगरांची रांग आहे, जिच्यातील प्सिलोरितिस शिखर 2,456 मीटर उंच आहे. हेराक्लिऑनहून खानिया सुमारे 140 किलोमीटरवर आहे, म्हणजे जाण्यायेण्यातच दिवसाचा मोठा वाटा संपतो. तिन्ही दिशा एका दिवसात दाखवतो म्हणणारा माणूस आपल्याला गाडीची काच दाखवणार आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन. वडिलांची आवड पाहता आपण दक्षिणेला जावे आणि साठ-सत्तर किलोमीटरांपलीकडे एकूण फेरी वाढू देऊ नये.

हेराक्लिऑनपासून सुमारे 15 किलोमीटरवर आर्खानेस हे गाव आहे. युख्तास नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी ते वसले आहे, आणि पश्चिमेकडून पाहिले असता त्या डोंगराची कड आकाशाकडे तोंड करून निजलेल्या माणसासारखी दिसते. तेथून दक्षिणेला काही मिनिटांवर वाथिपेत्रो येथे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या मिनोअन, म्हणजे क्रीटच्या प्राचीन संस्कृतीतील, वाड्याचे अवशेष आहेत, आणि त्यात द्राक्षे तुडवून रस काढण्याचा मातीचा घाणा सापडला आहे. पाय ठेवण्याची कुंडी, खाली रस पडण्याची तोटी आणि तो झेलणारे भांडे अशी त्याची रचना आहे, आणि तिचा उपयोग समजण्यासाठी वडिलांना कोणाच्याही भाषणाची गरज पडणार नाही. भोवती आजही द्राक्षबागाच आहेत. मात्र ते ठिकाण उघडे असण्याच्या वेळा मर्यादित असतात, म्हणून चालकाला आदल्या दिवशी चौकशी करायला सांगावे. पुढे पेझा गावाच्या द्राक्षबागांमधून थ्राप्सानो या कुंभारांच्या गावी जाता येते. तेथे तेल-धान्य साठवण्याचे पुरुषभर उंचीचे रांजण अजूनही घडवतात, आणि तसेच रांजण आपण क्नोसोसच्या कोठारांत पाहिलेले असतील.

नीलमोहर

अथेन्सवासी यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. आम्ही मागच्या मे महिन्यात आईला घेऊन लासिथीच्या पठारावर गेलो होतो, तेव्हा तो अनुभव येथे लिहिणे उपयोगाचे ठरेल.

पठार सुमारे 840 मीटर उंचीवर आहे आणि चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. घाटातून वर आल्यावर एकदम सपाट, चौकोन चौकोन आखलेली हिरवी शेती समोर येते तेव्हा मन हरखून जाते. बटाटा आणि सफरचंद ही तेथील ओळखीची पिके. विहिरींचे पाणी उपसण्यासाठी पांढऱ्या कापडी शिडांच्या हजारो पवनचक्क्या तेथे एके काळी फिरत असत, आता मोजक्याच फिरतात आणि बाकीच्यांचे लोखंडी सांगाडे शेतांत उभे आहेत. वाटेत क्रासी या गावात चौकाच्या मध्यभागी अतिप्राचीन चिनार वृक्ष आहे आणि त्याच्या सावलीत खुर्च्या मांडलेल्या असतात. माझी आई तेथे जवळजवळ तास बसली, आणि त्या दिवसातील तिची सर्वांत आवडती जागा तीच आहे.

परंतु जिच्यासाठी बहुतेक लोक पठारावर जातात ती प्सिख्रोची गुहा, म्हणजे ज्यूस देवाचे जन्मस्थान मानली जाणारी गुहा, आपल्या आईंसाठी नाही. वाहनतळापासून चढणीची दगडी वाट आहे आणि त्यानंतर गुहेत दोनशेच्या आसपास ओलसर पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात. आमच्या सहलीच्या वर्णनात याचा उल्लेख नव्हता. शिवाय चालकाने आम्हाला न विचारता तीन दुकानांत नेले, प्रत्येक ठिकाणी चव घ्यायला लावली आणि तेलाच्या बाटल्या पुढे केल्या. आठ तासांच्या दिवसातील दीड तास असा गेला याचे मला आजही वाईट वाटते, कारण आईची शक्ती सकाळच्या त्या वेळातच चांगली असते. म्हणून मी आग्रहाने सांगेन की आरक्षण करतानाच दोन वाक्ये लिहून पाठवावीत: खरेदीसाठी थांबायचे नाही, आणि प्रत्येक ठिकाणी किती पायऱ्या व किती चढ आहे ते कळवावे. चांगला माणूस असेल तर त्याला याचा राग येत नाही.

जेवणाविषयी काळजी करू नये, पण शब्द नेमका वापरावा. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवासाचे दिवस पुष्कळ असतात आणि त्या दिवसांच्या पदार्थांना निस्तिसिमा म्हणतात. त्यात मांस, दूध, अंडी नसतात, त्यामुळे अनेक जण आपल्याला तोच शब्द वापरायला सुचवतात. परंतु त्या उपवासाला कोळंबी, माकुल, ऑक्टोपस चालतात, हे आम्हाला ताट समोर आल्यावर कळले. म्हणून होर्तोफागोस, म्हणजे शाकाहारी, असे सांगून वर मासे आणि अंडीही नकोत असे म्हणावे. मग तेलात शिजवलेली फरसबी, वांगी-बटाट्याचे ब्रियाम, भट्टीत भाजलेले छोले, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात असे कितीतरी पदार्थ मिळतात. भात भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांत कधी कधी खिमा असतो, तेवढे विचारावे. चीज बनवताना वासराच्या किंवा कोकराच्या जठरातील विरजण वापरण्याची तेथे परंपरा आहे, आईंना ते चालत नसेल तर तेही आधी सांगावे लागेल.

आणि एक गोष्ट आईंना नक्की दाखवावी. तेथे उकडलेल्या रानभाज्यांवर ऑलिव्हचे तेल आणि लिंबू घालून वाढतात. उन्हाळ्यात मिळते ती व्लीता म्हणजे आपल्या माठाच्या कुळातली भाजी, आणि कोशिंबिरीत घालतात ती ग्लिस्त्रिदा म्हणजे आपली घोळ. माझ्या आईने पान उचलून पाहिले आणि ती म्हणाली, ‘‘अगं, ही तर आपल्या बांधावरची घोळ!’’ त्यानंतर ती त्या खानावळीच्या मालकीणबाईंबरोबर स्वयंपाकघरातच गेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी अर्धा तास बाहेर आल्या नाहीत.

निफाडचा_बागायतदार

दोन्ही प्रतिसाद वाचले आणि वडिलांसाठी थोडे लिहावेसे वाटले. आपण ज्या द्राक्षजातीला थॉमसन म्हणतो तीच क्रीटची सुलतानिना. तास-ए-गणेश आणि माणिक चमन हे वाण तिच्यातूनच निवडून पुढे आले, म्हणजे वडील आपल्याच बागेच्या नातेवाइकांना भेटायला चालले आहेत. 1922 नंतर आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, जे ग्रीक निर्वासित आले, त्यांच्या हातांनी या पिकाचा आणि बेदाण्याचा क्रीटमध्ये मोठा प्रसार झाला.

आपण वर्षातून दोन छाटण्या घेतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. तेथे हिवाळ्यात वेल पानगळ होऊन झोपी जाते, म्हणून हिवाळी छाटणी एकच, आणि तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते. अनेक ठिकाणी वेली मांडवाशिवाय, बुटक्या ठेवलेल्या असतात. वाळवणीत तर फारच साम्य आहे. आपण पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात घड बुडवतो, ते पोटॅशियम कार्बोनेटमध्ये ऑलिव्हचे तेल मिसळतात. काम एकच, मण्यावरील मेणाचा थर सैल करून पाणी लवकर बाहेर पडू देणे. फरक पुढे आहे: आपण शेडमध्ये जाळ्यांवर, सावलीत वाळवतो, तर तेथे पारंपरिक पद्धतीत घड उघड्या उन्हात खळ्यावर पसरतात आणि म्हणून त्यांचा बेदाणा हिरवट-पिवळा न राहता सोनेरी-तपकिरी होतो. आपल्याकडे अवकाळी पाऊस जसा झोप उडवतो, तशीच सप्टेंबरची पहिली सर त्यांना घाबरवते.

सप्टेंबरचा पहिला आठवडा हा नेमका वाळवणीचा काळ आहे. मात्र हे पीक तेथे गेल्या काही दशकांत खूप घटले आहे, त्यामुळे रस्त्याने जाता जाता खळे दिसेलच असे नाही. चालकाला आठवडाभर आधी सांगून एखाद्या शेतकऱ्याची वेळ घ्यावी, आणि तो सारा दिवस त्या भेटीभोवती आखावा. वाइन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या शोभिवंत दालनांत जाऊन वडिलांना काहीच मिळणार नाही, असे मला मनापासून वाटते.

मणेराजुरी_ते_म्युनिक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री वडिलांना हा सगळा धागा फोनवर वाचून दाखवला. सुलतानिना म्हणजे थॉमसन हे ऐकल्यावर ते काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी एकच विचारले, की त्यांच्याकडे मजुरी आणि गंधकाची धुरी यांचे काय. हा प्रश्न त्यांनी स्वतःच तेथील शेतकऱ्याला विचारावा असे ठरले आहे.

आम्ही दक्षिणेची दिशा निश्चित केली आहे. सकाळी आठला निघून आधी बाग आणि खळे, नंतर वाथिपेत्रो, मग आर्खानेसच्या चौकात जेवण, आणि आई थकली नसेल तरच थ्राप्सानो. परवानाधारक गाइड क्नोसोससाठी दोन तासांकरिता वेगळा घेणार आहोत. दोन शंका राहतात. आई-वडील साडेबाराला जेवतात, ते तेथे जमेल का? आणि वडील मद्य घेत नाहीत, तर शेतकऱ्याने देऊ केलेली राकी, म्हणजे तेथील द्राक्षांची दारू, नाकारणे उद्धटपणाचे ठरेल का?

अथेन्सवासी

साडेबाराला गावातील खानावळ उघडी असली तरी भट्टीतील पदार्थ तयार असतीलच असे नाही, कारण तेथील लोक दोन-तीनच्या सुमारास जेवतात. चालकाकरवी आदल्या दिवशी कळवल्यास एक वाजता ताट मिळेल. दुपारी दोन ते साडेपाच हा गावाच्या विश्रांतीचा काळ असतो, म्हणून शेतकऱ्याची भेट सकाळीच ठेवण्याचा आपला निर्णय योग्य आहे.

राकीविषयी निश्चिंत असावे. पेला उचलून यजमानाकडे पाहावे, ‘यामास’ (आपल्या आरोग्यासाठी) म्हणावे आणि पेला तसाच खाली ठेवावा, कोणी पिण्याचा आग्रह धरत नाही. घरात नेले तर बहुधा लहान बशीत चमचाभर पाकातले फळ आणि थंड पाण्याचा पेला पुढे येईल. ते मात्र अवश्य घ्यावे, कारण आपल्या गूळ-पाण्याला जो मान आहे तोच त्याला तेथे आहे. आईंना ते मोरावळ्यासारखे लागेल.

वडिलांसाठी तीन शब्द देतो. द्राक्ष म्हणजे स्ताफीली, बेदाणा म्हणजे स्ताफीदा, आणि द्रावणातील पोटॅशला तेही पोतासाच म्हणतात. खळ्याजवळ उभे राहून त्यांनी ‘पोतासा?’ एवढे विचारले, तरी तो शेतकरी त्यांना टाकीपाशी घेऊन जाईल.