उपदेशाचे डोस न पाजणारी ख्रिस्ती कादंबरी सुचवाल का?

वेंगुर्ल्याची वाचक

पाऊस लागला की आमच्याकडे संध्याकाळची तेर्स (जपमाळेची प्रार्थना) आटोपल्यावर वाचायला निवांत वेळ मिळतो. यंदा सासूबाईंनी आणि मी मिळून ख्रिस्ती जीवनावरची एखादी कादंबरी वाचायची असे ठरवले आहे. अडचण अशी की आजवर हाती आलेली बहुतेक पुस्तके एकाच साच्यातली निघाली: नायक व्यसनी किंवा नास्तिक असतो, त्याच्यावर संकट कोसळते, कोणीतरी भाविक गृहस्थ त्याला पानेच्या पाने प्रवचन देतो आणि शेवटच्या प्रकरणात नायक गुडघे टेकतो. रविवारच्या मिस्सेत फादरांचे प्रवचन आम्ही मनापासून ऐकतो. तेच कादंबरीतून पुन्हा ऐकण्याची इच्छा नाही. मात्र श्रद्धेची टवाळी करणारे पुस्तकही नको. सासूबाई फक्त मराठी वाचतात. इंग्रजी पुस्तक असेल तर मी त्यांना वाचता वाचता मराठीत सांगू शकेन.

वसईकर

अशा पुस्तकांची पारख करताना मी एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे श्रद्धा नसलेल्या पात्राच्या तोंडी लेखकाने चांगली वाक्ये दिली आहेत की नाहीत. विरोधक केवळ हरण्यासाठी उभा केलेला असेल, तर पुढे काय होणार हे दहाव्या पानावरच कळते.

या कसोटीवर सर्वांत आधी जोव्हानी ग्वारेस्की यांच्या डॉन कामिल्लोच्या गोष्टी सुचवतो. पहिले पुस्तक १९४८ मध्ये इटलीत निघाले आणि त्याचा इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे. पो नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात डॉन कामिल्लो हा दांडगट धर्मगुरू आणि पेप्पोने हा कम्युनिस्ट महापौर यांचे सतत जुंपलेले असते, आणि वेदीवरच्या क्रुसावरील ख्रिस्त धर्मगुरूशी बोलतो, तोही बहुतेक वेळा त्याचीच कानउघाडणी करण्यासाठी. एका गोष्टीत पेप्पोने पापनिवेदनाला येतो आणि अंधारात डॉन कामिल्लोला काठीने बडवणारा आपणच होतो असे सांगतो. डॉन कामिल्लो ख्रिस्ताकडे परतफेडीची परवानगी मागतो, तेव्हा हात आशीर्वादासाठी आहेत असे उत्तर येते. हात आशीर्वादासाठी असले तरी पाय नाहीत, असा युक्तिवाद करून तो गुडघे टेकलेल्या पेप्पोनेला पाठीमागून एक सणसणीत लाथ घालतो आणि पेप्पोनेलाही त्यामुळे बरेच वाटते. क्षमा, प्रायश्चित्त, मानवी दुबळेपणा असे सगळे त्या दोन पानांत आले आहे आणि उपदेशाचे एक वाक्यही नाही. आपल्याकडच्या कोणत्याही गावात ग्रामपंचायतीची निवडणूक पाहिलेल्या माणसाला या गोष्टी परक्या वाटणार नाहीत. गोष्टी सुट्या असल्यामुळे सासूबाईंना रोज एक सांगता येईल.

त्यानंतर चेस्टरटन यांच्या फादर ब्राउनच्या रहस्यकथा घ्याव्यात. पहिला संग्रह १९११ चा आहे. चेस्टरटन स्वतः कॅथलिक झाले ते १९२२ मध्ये. पहिल्याच कथेत धर्मगुरूचे सोंग घेतलेला चोर पकडला जातो, त्याला कारण म्हणजे तो मानवी बुद्धीला कमी लेखतो, आणि खरा धर्मगुरू तसे करणार नाही हे फादर ब्राउनला ठाऊक असते.

शुसाकु एन्दो यांची ‘सायलेन्स’ (१९६६) ही माझ्या मते या प्रकारातली सर्वश्रेष्ठ कादंबरी आहे, पण ती विरंगुळ्यासाठी घेऊ नका. सतराव्या शतकातील जपानमध्ये ख्रिस्ती शेतकऱ्यांचा छळ थांबवण्यासाठी एका पोर्तुगीज मिशनऱ्यावर ख्रिस्ताची प्रतिमा पायाने तुडवण्याची वेळ येते, आणि त्याने केले ते योग्य की अयोग्य याचा निवाडा लेखक वाचकावर सोडतो.

रत्नागिरीची जयू

सासूबाईंना स्वतः वाचायचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ द्यावी. ते आत्मचरित्र आहे हे मान्य, परंतु कित्येक कादंबऱ्यांपेक्षा ते अधिक रंगतदार आहे. त्यांचे पती रेव्हरंड टिळक आमच्या जिल्ह्यातल्या करजगावचे. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, आणि पुढे त्यांच्यात जो बदल झाला तो कोणाच्या प्रवचनाने झाला नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला. नवऱ्याच्या विक्षिप्तपणाबद्दल त्या इतक्या मिस्कीलपणे लिहितात की हसू आवरत नाही.

मालवणचा जुना वाचक

बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) कोणी सुचवले नाही याचे नवल वाटले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते आणि ती ख्रिस्ती लेखकाचीच आहे. यमुना आणि तिचा नवरा प्रवासात ज्या विधवांना भेटतात, त्यांच्या कहाण्या आजही अंगावर येतात.

वसईकर

ते पुस्तक प्रत्येकाने एकदा वाचावे याबद्दल दुमत नाही, पण मूळ प्रश्न उपदेश टाळण्याचा आहे आणि पदमनजींनी तो मुळीच लपवलेला नाही. विधवांच्या कहाण्यांसाठी वाचणार असाल तर जरूर वाचा. विरंगुळा म्हणून मी ते देणार नाही.

सावंतवाडीकर

कोंकणी चालत असेल तर दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ पाहावी. ती देवनागरीत आहे, त्यामुळे तुमच्याकडे फारशी अडचण येऊ नये. कुवेतला घरकामासाठी गेलेल्या गोव्यातील एका कॅथलिक स्त्रीची ही कथा असून तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. रूढ अर्थाने ती धार्मिक कादंबरी नाही, आणि तिच्यातील काही प्रसंग सासूसुनेने एकत्र वाचताना अवघडल्यासारखे होऊ शकते, म्हणून आधी तुम्ही एकटीने वाचावी.

वेंगुर्ल्याची वाचक

सर्वांचे आभार. सासूबाईंसाठी ‘स्मृतिचित्रे’ आणि दोघींसाठी डॉन कामिल्लो असे ठरवले आहे. एका मैत्रिणीने मॅरिलिन रॉबिन्सन यांची ‘गिलियड’ही सुचवली होती, ती फार संथ आहे का?

वसईकर

संथ आहे, आणि तिच्यात प्रकरणेही पाडलेली नाहीत. १९५६ मध्ये अमेरिकेतील एका लहान गावातला वृद्ध पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, आपल्या सात वर्षांच्या मुलासाठी लांबलचक पत्र लिहितो, एवढेच तिचे कथानक आहे. परंतु मी सांगितलेल्या कसोटीला ती पूर्ण उतरते, कारण श्रद्धा सोडलेल्या थोरल्या भावाने दिलेले नास्तिक तत्त्वज्ञाचे पुस्तक हा पाळक आदराने वाचतो आणि त्याची स्तुतीही करतो. मोठ्याने वाचून सांगण्यासाठी ती सोयीची नाही. तुमच्यासाठी मागवा आणि रात्री थोडी थोडी वाचा.