टेक्सासला मुलाकडे जायचे तर कोणत्या महिन्यांत, आणि घरातल्या कुत्र्याचे काय?

प्रश्न: दारव्ह्याचे गुरुजी

सर्वांना नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. घरची शेती कोरडवाहू आहे, तीत कपाशी आणि तूर असते, आणि गोठ्यात एक बैलजोडी व एक गाय आहे. मुलगा टेक्सासमध्ये ऑस्टिन शहराच्या उत्तरेला राउंड रॉक येथे राहतो. नातू तिसरीत आहे, नात अजून शाळेत जात नाही. आम्हा दोघांना व्हिसा मिळाला असून निदान चार महिने तरी या, असा मुलाचा व सूनबाईंचा आग्रह आहे.

पहिली अडचण काळाची आहे. उलंगवाडी, म्हणजे कपाशीची शेवटची वेचणी, झाल्यावर निघावे आणि मृगाच्या आधी परतावे, असे मला वाटते. मुलाचे म्हणणे असे की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये यावे, कारण तेव्हा तेथे हवा चांगली असते आणि आपल्या लोकांचे कार्यक्रमही पुष्कळ होतात. परंतु नेमक्या त्याच वेळी इकडे वेचणी सुरू असते, मजूर मिळवण्यासाठी दारोदार फिरावे लागते, आणि हे काम सालदारावर सोडून जाण्याची माझी तयारी नाही.

दुसरी अडचण कुत्र्याची. त्यांच्याकडे लॅब्राडोर आहे आणि तो माणसांसारखा घरभर वावरतो. आमच्या घरी कुत्रा ओसरीच्या आत कधी आला नाही. देवपूजा आणि स्वयंपाकघर यांचे कसे होईल, ही चिंता घरच्यांना प्रवासापेक्षाही मोठी वाटते. शिवाय पुढच्या एखाद्या दिवाळीला त्याला गावी आणण्याचा बेत मुलगा बोलून दाखवतो, तो कितपत व्यवहार्य आहे?

तिसरे असे की मुलगा आणि सूनबाई दोघेही नोकरी करतात. शनिवार-रविवारी ते सर्वांना घेऊन कुठे ना कुठे जातात, त्याची छायाचित्रे आम्ही पाहतो. उरलेले पाच दिवस आम्ही काय करायचे, हे कोणी सांगत नाही. जे स्वतः राहून आले आहेत त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर: मोर्शीची आजी

गुरुजी, तुमचा तिसरा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे. बाकीचे दोन्ही त्याच्या मागून सुटतात.

माझी मुलगी ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी येथे राहते. मी तिच्याकडे एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत राहिले. उन्हाळ्यातून सुटका होईल या समजुतीने कोणी तिकडे जाऊ नये, कारण टेक्सासचा उन्हाळाही चाळिशीला टेकतो आणि ह्यूस्टनला समुद्र जवळ असल्यामुळे अंगाला चिकटणारा दमटपणा वेगळाच असतो. तुमचे ऑस्टिन थोडे कोरडे आहे. तरीही जून उजाडला की सकाळी नऊनंतर अंगणात बसणे होत नाही आणि माणूस वातानुकूलित घरात कोंडला जातो. त्यामुळे फेब्रुवारीच्या अखेरीस जाऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात परतण्याचा तुमचा विचार मला मुलाच्या बेतापेक्षा चांगला वाटतो. फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी मात्र जाऊ नका. 2021 साली त्याच महिन्यात तेथे बर्फ पडून वीजव्यवस्था कोलमडली होती आणि लाखो घरे ऐन गारठ्यात अंधारात होती. तशी आपत्ती दरवर्षी येत नाही, पण उतारवयात त्याची परीक्षा कशाला पाहायची?

मार्चच्या मध्यात शाळांना आठवडाभराची सुटी असते. त्यानंतर एप्रिलच्या मध्यापर्यंत रस्त्यांच्या कडेने निळी ब्लूबॉनेट फुले फुललेली असतात. ते 1901 पासून टेक्सासचे राज्यपुष्प आहे, आणि त्या दिवसांत प्रत्येक कुटुंब मुलांना, आणि कुत्र्यालाही, फुलांत बसवून छायाचित्र काढतेच. बसण्यापूर्वी जमीन पाहून घ्या. तेथील लाल आगमुंग्यांचे वारूळ गवतात लपलेले असते आणि त्या चावल्या की फोड येतात. साप-विंचवांची आपल्याला सवय आहे, या मुंग्यांची नाही.

आता सोमवार ते शुक्रवार. त्या वसाहती सुंदर असतात, पण किराणा दुकान, देऊळ, डॉक्टर यांपैकी काहीच पायी जाण्यासारखे नसते. मोटार चालवता येत नसेल तर माणूस पूर्णपणे लेकरांवर अवलंबून राहतो, आणि गावात दिवसभर कोणाशी ना कोणाशी बोलण्याची सवय असलेल्याला हे फार जड जाते. माझे पहिले काही आठवडे तसेच गेले. त्यातून मला बाहेर काढले ते जावयांच्या कुत्रीने. सकाळ-संध्याकाळ तिला फिरवण्याचे काम मी अंगावर घेतले आणि रस्त्यावरची माणसे आपणहून बोलू लागली. तिकडे एकट्या म्हातारीकडे पाहून लोक नुसते हसतात आणि पुढे जातात. हातात कुत्र्याचा पट्टा असेल तर ते थांबतात, कुत्र्याचे नाव विचारतात, मग तुमचे. याच फिरण्यात मला एक तेलुगू आजी भेटल्या. आम्हा दोघींची भाषा वेगळी, तरी लोणच्यांवर आमचे बरेच बोलणे झाले.

घरच्यांना सांगा की स्वयंपाकघराच्या आणि देवघराच्या दाराशी लहान मुलांसाठी मिळते तसे बुटके फाटक बसवून घेता येते. लॅब्राडोरला दोन-चार दिवस शिकवले की तो फाटकाशी बसून राहतो. केस मात्र सगळीकडे होतात, त्याला इलाज नाही.

शनिवारच्या जमण्याविषयीही सांगते. तेथे यजमानीणबाई एकट्या रांधत नाहीत, प्रत्येक घर एकेक पदार्थ घेऊन जाते. मी एकदा रोडगे आणि वांग्याची भाजी केली. गोवऱ्या नव्हत्या, म्हणून रोडगे ओव्हनमध्ये भाजले. चव निम्मीच आली, तरी नागपूर-अमरावतीकडची पोरे ताटावरून उठेनात. उद्यानांमध्ये लोखंडी शेगड्या असतात आणि त्यांवर कोळसा पेटवता येतो, पण कोरड्या हवेत तेथील जिल्हा प्रशासन उघड्यावर जाळ करण्यास बंदी घालते, तेव्हा आधी चौकशी करावी.

उत्तर: अचलपूरचे पशुवैद्य (निवृत्त)

मी फक्त कुत्र्याविषयी लिहितो.

टेक्सासमध्ये कुत्रा चार महिन्यांचा होईपर्यंत त्याला रेबीजची लस देणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे त्या बाबतीत निर्धास्त राहावे. तरीही मुलाकडून लसीची तारीख विचारून घ्यावी. आपल्याकडे कुत्रा अंगणात साखळीने बांधण्याची पद्धत आहे, ती तेथे चालत नाही. जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या राज्याच्या कायद्यानुसार कुत्र्याला घराबाहेर लक्ष न ठेवता साखळीने बांधून ठेवण्यास मनाई आहे. पूजेच्या वेळी त्याला थोडा वेळ बाहेर बांधू, असा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा आणि आजींनी सुचवलेले फाटक लावावे.

खरी जोखीम वेगळीच आहे आणि ती आपल्या मायेतून येते. आजी-आजोबा घरी आले की कुत्र्याला ताटातले घास मिळू लागतात. मनुका आणि द्राक्षे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात, कांदा आणि लसूण रक्तातील तांबड्या पेशींना इजा करतात, आणि चॉकलेटही विषारी ठरते. म्हणजे मनुका घातलेला प्रसादाचा शिरा आणि कांद्याची भाजी, दोन्ही त्याच्यासाठी वर्ज्य आहेत. साखरविरहित च्युइंग गममध्ये गोडीसाठी घातलेले झायलिटॉल तर अगदी थोड्या प्रमाणातही घातक असते. कोरडी पोळी किंवा साधा भात थोडा दिल्याने बिघडत नाही, परंतु लॅब्राडोर ही जात कितीही खाल्ले तरी भुकेलीच असते, हे लक्षात ठेवावे. मे महिन्यात दुपारी डांबरी रस्त्यावर त्याला नेऊ नये. आपल्या पायांत चपला असतात, त्याच्या पायांत नसतात.

गावी आणण्याच्या बेताविषयी माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. 1 ऑगस्ट 2024 पासून अमेरिकेने कुत्र्यांच्या प्रवेशाचे नियम कडक केले असून रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांत भारताचा समावेश आहे. येथे येऊन परत जाणाऱ्या कुत्र्याला सूक्ष्म चिप बसवलेली असावी लागते, त्याचे वय किमान सहा महिने असावे लागते, आणि अमेरिकेतच लस दिल्याचे विहित प्रमाणपत्र तेथून निघण्यापूर्वी त्यांच्या कृषी खात्याकडून साक्षांकित करून घ्यावे लागते. ते राहून गेले तर परतीचे सारे फार किचकट आणि खर्चाचे होऊन बसते. भारतात उतरतानाही पशु-संगरोध विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि मुंबई किंवा दिल्लीसारख्या ठिकाणीच यावे लागते. एवढे सगळे करून पंधरा दिवस गावच्या गोचिडांत आणि मोकाट कुत्र्यांत त्या प्राण्याला कोणते सुख मिळणार? तेथे कुत्री सांभाळणारी पाळणाघरे आहेत, त्यांचा उपयोग करावा.

उत्तर: हिंगणघाटचा कापूसवाला

गुरुजी, काळाच्या बाबतीत मी आजींच्या बाजूने आहे, पण तुमच्या मुलाचीही थोडी बाजू घेतो. माझा मुलगा लबकला विद्यापीठात शिकत असताना मी ऑक्टोबरमध्ये तिकडे गेलो होतो. अमेरिकेत सर्वांत जास्त कापूस टेक्सासमध्ये पिकतो आणि लबकचा परिसर त्याचे आगर आहे. पाने गळून गेलेल्या पराटीवरून यंत्र बोंडांसकट कापूस ओरबाडून घेते आणि शेतात भलेमोठे गोल गठ्ठे टाकत जाते. माणूस शोधूनही दिसत नाही. वेचणीच्या मजुरीचा भाव ठाऊक असलेल्याने ते एकदा पाहावेच. पण लबक राउंड रॉकपासून मोटारीने सहा तासांच्या आसपास आहे, आणि तुमची कपाशी इकडे उभी असताना तिकडची पाहण्यात तुमचे मन रमणार नाही, हेही खरे.

वसंतात गेलात तर एका रविवारी मुलाला राउंड रॉकच्या पूर्वेला टेलर गावाकडे मोटार न्यायला सांगा. डॅलसपासून सॅन अँटोनियोपर्यंत काळ्या मातीचा पट्टा गेला आहे. ती आपल्यासारखीच चिकण माती आहे, पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. एप्रिलमध्ये तेथे कपाशीची पेरणी झालेली दिसेल. याच मातीमुळे त्या भागातील घरांचे पाये हलतात, म्हणून लोक उन्हाळ्यात घराभोवती झिरपणाऱ्या नळ्या टाकून पायाला पाणी देतात. मला हे पाहून हसू आले होते. आपण कपाशीला ठिबक लावायला पैसे जुळवतो आणि तिकडे घराला ठिबक असते.

गुडघ्यांची काळजी असेल तर सॅन अँटोनियोचा नदीकाठ चांगला आहे, चालवेल तेवढे चालावे आणि नावेत बसावे. टेक्सास आणि मेक्सिको यांच्यातील 1836 च्या लढाईचे ठिकाण अलामो तेथून जवळच आहे. ऑस्टिनमध्ये काँग्रेस अव्हेन्यूच्या पुलाखाली राहणारी सुमारे 15 लाख वटवाघळे सूर्यास्ताला बाहेर पडतात, ती मार्चपासून दिसू लागतात आणि पाहायला पैसे पडत नाहीत. एन्चँटेड रॉक हा गुलाबी ग्रॅनाइटचा डोंगर मुले हौसेने दाखवतात, पण चढ उघडा आणि उभा आहे. तुम्ही पायथ्याशी बसा. शिखराच्या वाटेवर कुत्र्याला नेता येत नाही, त्यामुळे त्याला सांभाळण्याचे निमित्त आयतेच मिळेल.

एक गोष्ट विसरू नका. विमानतळावर शेतात किंवा गुरांजवळ गेला होता का, असे विचारतात. तुमच्याकडे गोठा आहे, तेव्हा सरळ होय म्हणावे. शेतातली पायताणे घरीच ठेवावीत आणि नेण्याच्या बुटांचे तळ घासून धुवावेत. आपल्या लाळ्या-खुरकुताची त्यांना भीती असते. सरकीचे किंवा भाजीचे बियाणे खिशातसुद्धा राहू देऊ नका.

दारव्ह्याचे गुरुजी

सर्वांचे आभार. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातील तिकिटे पाहण्यास मुलाला कळवले आहे. कुत्र्याला गावी आणण्याविषयी पशुवैद्यांचे उत्तर त्याला जसेच्या तसे पाठवले, त्यावर अजून तो काही बोललेला नाही. घरच्यांचा एक प्रश्न आहे. सरोळ्या, कुरड्या, तिखट आणि लिंबाचे लोणचे नेता येईल काय?

मोर्शीची आजी

नेता येते, पण जे काही खाण्याचे असेल ते विचारल्यावर सांगायचे, लपवायचे नाही. लपवलेले सापडले तर दंड होतो. तिखट आणि लोणचे घट्ट बंद करून मोठ्या बॅगेत ठेवा. ताजी फळे, कढीपत्ता आणि मांसाचे काहीही नको. मी आमच्या बागेतली संत्री नेण्याचा हट्ट धरला होता, तो मुलीने फोनवरच मोडून काढला. ज्वारीचे पीठ नेऊन वजन वाढवू नका, ते तेथील भारतीय दुकानांत मिळते. त्याऐवजी रोजच्या गोळ्या चार महिन्यांच्या हिशेबाने डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्या आणि प्रवासी आरोग्य विमा निघण्यापूर्वी काढा. बऱ्याच विम्यांत जुनी दुखणी धरत नाहीत, म्हणून गुडघ्यांचे जे काय करायचे ते यवतमाळलाच उरकून जा.