विद्यार्थी फीडबॅक चुकीचा भरला गेलाय, काही शेरे अश्लील आहेत. काढून टाकता येतात का? (तातडीचं)

खडूफळा
सत्र संपल्यावरचा विद्यार्थी फीडबॅक हातात आला आहे. एका सरांचे गुण पार तळाला गेलेत, पण खालचे शेरे वाचावेत तर मुलं कौतुक करतायत. दुसरीकडे एका मॅडमबद्दलचे दोन शेरे इतके घाणेरडे आहेत की अहवालात छापणं शक्य नाही. शीटमधून त्या ओळी उडवल्या तर चालेल का? आणि सरांचे गुण सरळ करून घेतले तर? सोमवारी अहवाल द्यायचाय. "नियम वाचा" एवढं सोडून काहीही सांगा.

सांख्यिकी_सदाशिव
आत्ता काहीच उडवू नका. आधी सांगा: फॉर्म कशावर घेतला? पट्टी १ ते ५ की ४ ते ०? वर्गात मुलं किती, भरला किती जणांनी? ईमेल गोळा केला का? आणि तुम्ही स्वतः कोण, ज्यांचे गुण गेले ते सर की अहवाल करणारे?

मु_पो_परभणी
१०० जणांनी भरला नसेल तर काळजी सोडा. नॅकच्या (महाविद्यालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेच्या) विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात महाविद्यालयासाठी १० टक्के विद्यार्थी किंवा १००, यातली कमी असेल ती संख्या लागते. तेवढे प्रतिसाद आले नाहीत तर तो निकष धरतच नाहीत. मुलांचे ईमेल बरोबर आहेत का तेवढं तपासा, निम्मे तिथेच गळतात.

खडूफळा
@परभणी, हे नॅकने पाठवलेलं सर्वेक्षण नाही हो. आमचा विषयवार, शिक्षकवार फीडबॅक आहे.
@सदाशिव, गूगल फॉर्म, पट्टी १ ते ५. त्या वर्गातून ४८ प्रतिसाद. मी आयक्यूएसीचं (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं) काम बघतो.

सांख्यिकी_सदाशिव
५ म्हणजे उत्तम की १ म्हणजे उत्तम? मागच्या वर्षी काय होतं?

खडूफळा
यंदा ५ उत्तम. मागच्या वर्षी १ उत्तम होतं. फॉर्मवर लिहिलंय की.

सांख्यिकी_सदाशिव
मग घोळ तिथेच आहे. गूगलच्या त्या रेषेवरच्या पट्टीत फक्त दोन टोकांना शब्द देता येतात. मधल्या आकड्यांना अर्थ नसतो आणि मोबाईलवर घाईत भरणारा मुलगा टोकाचे शब्दही वाचत नाही, सवयीने १ दाबतो. हिशोब बघा: ४८ पैकी ९ जणांनी ५ ऐवजी १ टाकला तर ३६ गुण जातात, म्हणजे सरासरी ०.७५ ने खाली. ४.४ चे ३.६५. मध्यक (सगळे गुण क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा) मात्र फार तर एखादी पायरी हलतो. म्हणून आधी प्रत्येक प्रश्नाचा मध्यक आणि १, २, ३, ४, ५ ला किती जण असा तक्ता काढा. दोन टोकांना ढीग आणि मध्ये ओसाड दिसलं तर पट्टी उलटी वाचल्याचा संशय धरायला हरकत नाही.

पण गुण सरळ करू नका. "शेरा छान, गुण १" अशा ओळी तुम्हाला दिसतात आणि तुम्ही त्यांचे ५ करता. "शेरा वाईट, गुण ५" अशा ओळीही असतातच, त्या कुणी शोधत नाही. शेरा न लिहिणाऱ्यांचं तर काहीच कळत नाही. एका बाजूचीच चूक दुरुस्त केली की आकडा फुगतो.

कावळेकाका
एवढं कशाला? नवा फॉर्म काढा, पुन्हा भरून घ्या. वर्गात दहा मिनिटं, सर बाहेर, संपलं.

खडूफळा
परीक्षा सुरू आहेत. मुलं आता एकत्र मिळत नाहीत.

वैदेही_के
गुणांचं चालू द्या, पण त्या मॅडमच्या शेऱ्यांचं काय? ते नुसते शिवराळ आहेत की शरीरावर किंवा लैंगिक स्वरूपाचे? दोन्हींचा रस्ता वेगळा आहे. आणि ते शेरे आत्तापर्यंत किती जणांनी पाहिले?

खडूफळा
शरीराबद्दल. शीट विभागातल्या सगळ्यांना शेअर झालं होतं, काल काढून घेतलं.

वैदेही_के
म्हणजे हा आता फीडबॅकचा प्रश्न राहिलेलाच नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा २०१३ चा कायदा आणि यूजीसीचे २०१५ चे विनियम महिला कर्मचाऱ्यांना लागू आहेत, आणि त्यात गैरअर्जदार (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) विद्यार्थीही असू शकतो. आज करायचं ते असं. फॉर्मचे प्रतिसाद बंद करा. मूळ शीट आहे तशी उतरवून ठेवा, तारीख घाला, प्रवेश फक्त प्राचार्य आणि तुम्हाला ठेवा. मग मॅडमना एकट्यांना, शक्यतो अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्षांसमोर सांगा की असे शेरे आले आहेत. ते वाचायचे की नाही हे त्यांनी ठरवायचं, मजकूर परस्पर व्हॉट्सअ‍ॅपवर धाडू नका. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. कारणं नोंदवून समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रार करणं न करणं हा त्यांचा हक्क, तुमचा किंवा प्राचार्यांचा नाही. आणि ओळ उडवलीत तर पुरावाच गेला.

सांख्यिकी_सदाशिव
+१. शिवाय शीटमधली ओळ उडवली तरी फॉर्मच्या प्रतिसाद टॅबमध्ये ती तशीच राहते. उद्या कुणी दोन्ही जुळवून पाहिलं तर फेरफार केल्यासारखं दिसेल.

कावळेकाका
ईमेल गोळा केला असेल तर पोरगं सापडेल. पालकांना बोलवा, एका दिवसात सुतासारखं सरळ होईल.

वैदेही_के
फॉर्मच्या वर "नाव गुप्त राहील" असं लिहिलंय का ते आधी बघा काका. लिहिलं असेल आणि तरी तुम्ही ईमेल उघडलात तर पुढच्या सत्रात कोणी खरं लिहिणार नाही. ती माहिती चौकशीत समितीने मागितली तरच द्यायची, तीही लेखी. शिवाय मुलं अठराच्या वरची आहेत, पालकांना बोलवणं ही काही कार्यपद्धती नव्हे.

कावळेकाका
म्हणजे घाण लिहिणारा मोकळा आणि आपण पद्धत सांभाळायची.

टोरोंटोतला_मंदार
मुळात हे गुण वापरूच नयेत. इथे २०१८ मध्ये रायर्सन विद्यापीठाच्या (आताचं टोरोंटो मेट्रोपॉलिटन) प्रकरणात लवादाने सांगितलं की पदोन्नती आणि कायमपदासाठी अध्यापनाची परिणामकारकता विद्यार्थ्यांच्या या गुणांवरून मोजायची नाही. २०१५ ला छापून आलेल्या एका अमेरिकी प्रयोगात ऑनलाइन वर्गात तोच शिक्षक, फक्त नाव स्त्रीचं की पुरुषाचं एवढा बदल. पुरुषी नावाला गुण जास्त.

मु_पो_परभणी
आपल्याकडे तरी कुठे मोजतात? २०१८ च्या यूजीसी विनियमांत कॅससाठी (शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी) तक्ता १ मध्ये घेतलेल्या तासांची टक्केवारी बघतात, ८० किंवा जास्त असेल तर "चांगले". अहवाल करून एक्यूएआरला (नॅकला द्यायच्या वार्षिक गुणवत्ता अहवालाला) जोडा, संपलं.

खडूफळा
सांगायचं राहिलं. ते सर सीएचबीवर (तासिका तत्त्वावर, कायम नाहीत) आहेत. पुढच्या वर्षीच्या यादीसाठी प्राचार्य हाच तक्ता बघतात.

सांख्यिकी_सदाशिव
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! कायम शिक्षकाचा आकडा चुकला तर चिडचिड होते, तासिका तत्त्वावरच्या माणसाची नोकरी जाते. तळटीप अजिबात नको, ती कोणी वाचत नाही. त्या वर्गाच्या सरासरीच्या रकान्यात आकड्याऐवजी "पट्टीबाबत गोंधळ, सरासरी ग्राह्य नाही" असं लिहा. वाटणी (कोणत्या गुणाला किती जण) आणि शेरे पुढे जोडा. क्रमवारी लावत असाल तर हा वर्ग त्यातून बाहेर. पट्टी सगळ्यांचीच बदलली, तेव्हा हीच कसोटी सगळ्या वर्गांना लावा आणि शिक्षकांची नावं झाकून लावा. नाहीतर आवडत्या सरांना सूट दिली असं होईल.

मु_पो_परभणी
सीएचबीची निवड मुलाखतीवर होते, फीडबॅकला त्यात काही स्थान नाही.

वैदेही_के
कागदावर नाही. टेबलावर असतो.

खडूफळा
ठीक. घाण शेरे लिहिणाऱ्या दोघांचे गुण ठेवायचे की काढायचे?

सांख्यिकी_सदाशिव
ठेवा. शेरा झाकायचा, आकडा नाही. "भाषा वाईट म्हणून गुणही बाद" हे सुरू केलं की पुढे "शिकवणं कळत नाही, टाइमपास करतात" हेही कुणी अपमानास्पद ठरवून काढेल. कडवट पण शिकवण्याबद्दलचा शेरा राहिलाच पाहिजे.

वैदेही_के
इथे मी सहमत नाही. शरीरावर घसरलेल्याने शिकवण्याला दिलेला १ कशाच्या आधारावर मानायचा? दोघांसकट आणि दोघांना वगळून, असे दोन आकडे द्या. निर्णय तिघांनी घ्या: तुम्ही, दुसऱ्या विभागातलं एक जण, आणि एक स्त्री सदस्य. त्याच विभागाचे प्रमुख नकोत.

खडूफळा
अहवालात झाकलेल्या जागी काय लिहू?

वैदेही_के
"दोन शेरे अध्यापनाशी असंबद्ध व आक्षेपार्ह असल्याने तीन सदस्यांच्या समितीच्या दि. __ च्या निर्णयानुसार वगळले. मूळ नोंद प्राचार्यांकडे सीलबंद." एवढंच. कशाबद्दल होते ते लिहू नका, मॅडमचं नावही नको. आणि संकेतस्थळावर विश्लेषण व कृती अहवाल टाकाल तेव्हा शिक्षकवार शेऱ्यांचं शीट चुकूनही चढवू नका.

प्रॅक्टिकल_बॅच_ब
आमच्याकडे वेगळंच होतं. एकाच आडनावाचे दोन सर, मुलं यादीतून भलत्यालाच निवडतात. लॅबचे शेरे थिअरीच्या सरांना जातात. यावर उपाय?

सांख्यिकी_सदाशिव
यादी काढूनच टाका. प्रत्येक विषय-शिक्षक-बॅचला वेगळा फॉर्म, वर ठळक विषयाचा कोड, तास आणि पूर्ण नाव. आधीच भरलेली लिंक दिलीत तरी मुलगा उत्तर बदलू शकतो, म्हणून ती पुरेशी नाही. आकड्यांची पट्टी काढून पर्याय शब्दांत द्या, "पूर्ण सहमत" पासून "पूर्ण असहमत" पर्यंत, आणि आकडे मागून शीटमध्ये लावा.

खडूफळा
तक्रार समितीच्या अध्यक्षांशी आत्ताच बोललो, उद्या अकराला मॅडमना भेटणार आहेत. तोवर वाटणीचा तक्ता करतो. सदाशिव सर, मध्यक शीटमध्ये थेट निघतो ना?

सांख्यिकी_सदाशिव
हो, मीडियन सूत्राने. रिकामे कप्पे ते आपोआप सोडतं, पण कुणी "५ गुण" असं शब्दांत लिहिलं असेल तर तोही गुपचूप सोडतं. आधी मोजून घ्या, प्रत्येक रकान्यात ४८ आकडे आहेत का.